कोण कोणाला भारी?

मुष्टियुद्धाचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. महंमद अली श्रेष्ठ, की शुगर रे रॉबिन्सन? अली हेवीवेट, वजन पंचाण्णव किलोंच्या आसपास. रॉबिन्सन आपल्या बहराच्या काळात सदुसष्ट किलोंच्या वेल्टरवेट गटात लढणारा. दोघे एका रिंगणात उतरले असते तर काय झाले असते, हे विचारणाऱ्यालाही ठाऊक असते. त्याला विचारायचे असते ते असे: वजनाचा फायदा-तोटा बाजूला काढून ठेवला, तर उरलेल्या कौशल्यात सरस कोण?

इंग्रजी क्रीडालेखकांनी यासाठी 'पाउंड फॉर पाउंड' असा शब्दप्रयोग रूढ केला. आपण 'वजनाच्या मानाने' म्हणू. रॉबिन्सनच्या आधीही तो वापरात होता, पण त्याच्या काळात तो त्याच्या नावाला जो चिकटला तो आजतागायत. कारण सरळ आहे. हेवीवेटचा विजेता तोच खरा जगज्जेता, असा जुना समज होता. रॉबिन्सन १९४६ ते १९५१ वेल्टरवेटचा जगज्जेता होता, पुढे मिडलवेटचे जगज्जेतेपद त्याने पाच वेळा मिळवले; पण हेवीवेट तो कधीच नव्हता. त्याला सर्वश्रेष्ठ म्हणायचे तर वजन आडवे येत होते. आज 'द रिंग' हे १९२२ पासून निघणारे अमेरिकन मासिक जाणकारांच्या मताने अशी 'वजनाच्या मानाने' यादी देते आणि तिच्यावर चवीने वाद होतात.

यादी करणे सोपे. पण 'वजन बाजूला काढणे' ही क्रिया गणितात नेमकी कशी करायची, आणि ती करता तरी येते का, हे पाहण्याजोगे आहे. शिक्षकांना तर ही अडचण घरचीच वाटेल. एका शाळेतला पहिला आणि दुसऱ्या शाळेतला पहिला यांत हुशार कोण, हा त्याच जातीचा प्रश्न आहे, आणि त्याच्या उत्तरावर मुलांचे प्रवेश आणि शिष्यवृत्त्या ठरतात.

ठोशाचे वजन

आपल्याकडे कुस्तीच्या आखाड्यात पूर्वी वजनकाटा नसे. जाणती माणसे दोन पैलवानांना शेजारी उभे करून, अंगलट आणि उमर पाहून जोड लावत. मुष्टियुद्धात हे काम काट्याकडे गेले. लंडनच्या नॅशनल स्पोर्टिंग क्लबने १९०९ मध्ये आठ वजनगट ठरवून दिले. पहिल्या सात गटांच्या मर्यादा पौंडांत अशा: ११२, ११८, १२६, १३५, १४७, १६० आणि १७५. त्यापुढचे सगळे हेवीवेट. या आकड्यांकडे जरा पाहा. लागोपाठच्या मर्यादांतला फरक ६, ८, ९, १२, १३, १५ असा वाढत जातो. पण प्रत्येक वेळी झालेली वाढ टक्क्यांत काढली तर ती ५ ते साडेनऊ यांच्या मध्ये राहते. म्हणजे ही श्रेढी पूर्णपणे अंकगणिती नाही आणि पूर्णपणे भूमितीही नाही, पण कल भूमितीकडे आहे. मर्यादा ठरवणाऱ्यांनी गणित मांडले नव्हते. बरीचशी रूढी आणि थोडी घासाघीस यांतून हे आकडे आले. तरीही पन्नास किलोंच्या माणसाला तीन किलो जितके जड जातात तितके ऐंशी किलोंच्या माणसाला जात नाहीत, हे त्यांनी अनुभवाने ओळखले होते. (हा हिशेब आठवीच्या वर्गात शेकडेवारी शिकवताना सहज घेता येईल.) आता व्यावसायिक मुष्टियुद्धात साधारण सतरा गट झाले आहेत. सर्वांत खालचा १०५ पौंडांचा, म्हणजे ४७.६ किलोंचा, आणि सर्वांत वरचा २०० पौंडांच्या पुढचा.

वजनाने नेमके काय बदलते? ठोशाचा वेग बदलत असेल असे वाटते, पण तो फारसा बदलत नाही. अमेरिकेतील संशोधकांनी २००५ मध्ये पाच वेगवेगळ्या वजनगटांतल्या सात ऑलिंपिक मुष्टियोद्ध्यांचे ठोसे मोजले. माणसाच्या डोक्याची आणि मानेची प्रतिकृती करून तिच्यात संवेदक बसवले होते. ठोशाचे सरासरी बल ३४२७ न्यूटन आले, मुठीचा सरासरी वेग सेकंदाला ९.१४ मीटर. जड गटांतल्या खेळाडूंचे ठोसे जास्त जोरदार होते, पण त्याचे मुख्य कारण वेग नव्हता. मुठीमागे हात, खांदा, धड यांचे जे वस्तुमान ठोशात सामील होते, ते त्यांच्याकडे जास्त होते. या प्रभावी वस्तुमानाची सरासरी फक्त २.९ किलो होती. वीस वर्षे आधी, १९८५ मध्ये, इंग्लंडमध्ये एका नावाजलेल्या हेवीवेट बॉक्सरचा ठोसा मोजला होता. तिथे मुठीचा वेग सेकंदाला ८.९ मीटर आणि सर्वाधिक बल ४०९६ न्यूटन आले. वेग पाहा, जवळपास तोच.

आता ठोसा खाणाऱ्याचा विचार करू. मुष्टियुद्धात माणूस बेशुद्ध होतो तो मुख्यतः डोक्याला अचानक मिळालेल्या हिसक्याने. कवटी गर्रकन फिरते आणि मेंदू मागे राहतो. प्रौढ माणसाचा मेंदू साधारण १३०० ते १४०० ग्रॅमचा असतो आणि शरीराचे वजन दुप्पट झाले म्हणून मेंदू दुप्पट होत नाही. म्हणजे जड गटात ठोशामागचे वस्तुमान वाढते, पण तो ज्यावर पडतो ते डोके त्या प्रमाणात वाढत नाही. म्हणूनच हेवीवेटच्या लढती प्रतिस्पर्धी बाद होऊन संपण्याचे प्रमाण हलक्या गटांपेक्षा जास्त आहे.

यातून आपल्या प्रश्नाला एक अनपेक्षित वळण मिळते. जिथे एकच ठोसा निकाल लावू शकतो तिथे योगायोगाला वाव जास्त. कबड्डीत चाळीस-पन्नास गुण होतात, फुटबॉलमध्ये एखादा गोल. त्यामुळे दुबळा संघ बलवान संघाला हरवण्याची शक्यता फुटबॉलमध्ये अधिक. हलक्या गटातली बारा फेऱ्यांची लढत कबड्डीसारखी आहे, हेवीवेटची फुटबॉलसारखी. ३७ लढतींत अजिंक्य राहिलेला माइक टायसन फेब्रुवारी १९९० मध्ये टोकियोत जेम्स डग्लसकडून दहाव्या फेरीत बाद झाला. एप्रिल २००१ मध्ये हसीम रहमानने लेनॉक्स लुइसला पाचव्या फेरीत झोपवले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात लुइसने त्याला चौथ्या फेरीत. दोघांत जास्त कुशल कोण, हे या दोन निकालांवरून कसे ठरवणार? हेवीवेटचा विजेता हरला म्हणून त्याचे कौशल्य कमी धरायचे, आणि फ्लायवेटचा विजेता हरत नाही म्हणून त्याचे जास्त धरायचे, हे सरळसरळ अन्यायाचे होईल.

भागाकाराचा मोह

'वजनाच्या मानाने' म्हटले की पहिला विचार भागाकाराचा येतो. भारोत्तोलनात तो करून पाहता येतो, कारण तिथे किती किलो उचलले हा आकडा असतो. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये ६० किलो गटात तुर्कस्तानच्या नाइम सुलेमानोग्लूने दोन प्रकार मिळून ३४२.५ किलो उचलले. त्याच स्पर्धेत ११० किलो गटात सोव्हिएत संघाच्या युरी झाखारेविचने ४५५ किलो. गटाची मर्यादा हेच शरीराचे वजन धरून भागले तर नाइमचे उत्तर येते ५.७१ आणि झाखारेविचचे ४.१४. म्हणजे नाइम ३८ टक्क्यांनी सरस?

असा निष्कर्ष काढणे झाखारेविचवर अन्याय आहे, आणि त्याचे कारण गॅलिलिओने १६३८ मध्येच लिहून ठेवले आहे. वस्तू सर्व बाजूंनी दुप्पट केली तर तिचे घनफळ आठपट होते, पण छेदाचे क्षेत्रफळ चौपटच होते. स्नायूची ताकद त्याच्या छेदाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असते आणि वजन घनफळावर. म्हणून ताकद वजनाच्या प्रमाणात वाढत नाही. वजनाच्या दोन-तृतीयांश घाताच्या प्रमाणात वाढते. मुंगी आपल्या वजनाच्या कितीतरी पट ओझे उचलते यात मुंगीची काही कर्तबगारी नाही, हे आपण मुलांना सांगतोच. लिट्झके या शास्त्रज्ञाने १९५६ मध्ये भारोत्तोलनाचे विक्रम घेऊन हा घातांक पडताळून पाहिला आणि तो दोन-तृतीयांशाच्या अगदी जवळ निघाला.

आता पुन्हा भागू, पण वजनाने नाही, वजनाच्या दोन-तृतीयांश घाताने. ६० साठी हा घात १५.३ येतो, ११० साठी २२.९६. नाइमचे उत्तर २२.३, झाखारेविचचे १९.८. ३८ टक्क्यांचा फरक १३ टक्क्यांवर आला. नाइम तरीही सरसच ठरला, पण आता ते म्हणायला आधार आहे. भारोत्तोलनात हेच काम कॅनडाच्या रॉय सिंक्लेअर यांच्या सूत्राने करतात आणि त्यातले गुणांक दर ऑलिंपिक चक्रात नव्या विक्रमांवरून पुन्हा काढतात.

मुष्टियुद्धात हा मार्ग बंद आहे. तिथे लोखंडी दांडा नाही. ठोशाचे बल मोजता येते, पण ते कौशल्य नव्हे. कौशल्याचा निम्मा भाग तर ठोसा चुकवण्यात आहे, आणि न लागलेल्या ठोशाचे बल शून्य. मुष्टियुद्ध आपल्याला एकाच प्रकारची माहिती देते: अमक्याने तमक्याला हरवले.

बेटे आणि पूल

केवळ 'कोणी कोणाला हरवले' एवढ्यावरून आकडा काढायची रीत मात्र आहे. बुद्धिबळातले एलो गुणांकन बहुतेकांनी ऐकलेले असते. आर्पाद एलो हे मूळचे हंगेरीचे, अमेरिकेत मिलवॉकी येथे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. त्यांची पद्धत जागतिक बुद्धिबळ संघटनेने १९७० मध्ये स्वीकारली. तिचे मर्म असे की दोन खेळाडूंच्या गुणांकातला फरक त्यांच्या जिंकण्याची शक्यता सांगतो. फरक शून्य असेल तर शक्यता निम्मी-निम्मी. २०० असेल तर वरच्याची शक्यता सुमारे ७६ टक्के. ४०० असेल तर दहास एक. निकाल येत जातात तसे गुणांक वरखाली करत न्यायचे.

या पद्धतीत फक्त फरकाला अर्थ आहे, हे ध्यानात ठेवले पाहिजे. समजा, दोन शाळांत कॅरमच्या स्वतंत्र स्पर्धा चालतात आणि दोन्हीकडे अशी गुणांकने काढली आहेत. दुसऱ्या शाळेतल्या प्रत्येक मुलाच्या गुणांकात ३०० मिळवले तर काय बिघडेल? काहीच नाही. शाळेतल्या शाळेत सगळे फरक तेच राहतील आणि सगळी भाकितेही. म्हणजे पहिल्या शाळेतल्या मुलाचा गुणांक १५०० आणि दुसऱ्या शाळेतल्या मुलाचा १६०० असला, तरी त्यावरून त्या दोघांत सरस कोण हे अजिबात कळत नाही. दोन बेटांवर समुद्रसपाटी ठाऊक नसताना उंची मोजण्यासारखे ते आहे. तुलना करायची तर एक तरी पूल हवा. दोन शाळांतली मुले एकमेकांशी खेळली पाहिजेत.

मुष्टियुद्धातला प्रत्येक वजनगट हे असे एक बेट आहे, आणि पूल म्हणजे गट बदलणारे खेळाडू. शेजारच्या गटांत असे पूल पुष्कळ असतात. पण या पुलावरून जाताना खेळाडू आपले कौशल्य नेतो तसे वजनाचे ओझेही नेतो, आणि निकालात दोन्ही मिसळतात. रॉबिन्सन आणि जेक ला मोट्टा यांचे उदाहरण घेऊ. ते सहा वेळा लढले. पाच वेळा रॉबिन्सन जिंकला. ला मोट्टा मिडलवेट. सुरुवातीच्या लढतींत रॉबिन्सन त्याच्यापेक्षा बारा-पंधरा पौंडांनी हलका असे. पाचास एक हे प्रमाण एलोच्या भाषेत सुमारे २८० गुणांचा फरक होतो. (सहा लढतींवरून काढलेला आकडा कच्चाच, तो फक्त रीत दाखवण्यापुरता.) पण हे २८० म्हणजे रॉबिन्सनच्या कौशल्याची आघाडी वजा त्याच्या कमी वजनाचा तोटा. त्या पंधरा पौंडांचा तोटा १०० गुणांचा असेल तर कौशल्याची आघाडी ३८०. तोटा ३०० गुणांचा असेल तर ५८०. एक समीकरण आणि दोन अज्ञात. नववीतला मुलगाही सांगेल की दुसरे समीकरण आणा.

दुसरे समीकरण मिळायला तोच खेळाडू, त्याच कौशल्यानिशी, वेगवेगळ्या वजनाच्या प्रतिस्पर्ध्यांशी पुष्कळ वेळा लढायला हवा. आणि वजनगट तर अशा लढती होऊच नयेत म्हणून केले आहेत. जे मोजायचे आहे ते घडू द्यायचे नाही, हा खेळाचा नियमच आहे, आणि डोक्याला बसणाऱ्या हिसक्याचा विचार केला तर तो योग्यही आहे. त्यामुळे संशोधकाला इतिहासात अपघाताने घडलेल्या प्रयोगांवर भागवावे लागते.

त्यातला सर्वांत स्वच्छ प्रयोग माझ्या मते हेन्री आर्मस्ट्राँगचा. ऑक्टोबर १९३७ मध्ये तो १२६ पौंडांच्या फेदरवेट गटाचा जगज्जेता झाला. मे १९३८ मध्ये मधला गट ओलांडून त्याने वेल्टरवेटचा जगज्जेता बार्नी रॉसला हरवले; त्या दिवशी त्याचे स्वतःचे वजन लाइटवेटच्या १३५ पौंडांच्या मर्यादेतच होते. ऑगस्टमध्ये लू अँबर्सला हरवून त्याने लाइटवेटचेही विजेतेपद घेतले. त्या काळी गट आठच होते आणि त्यांतली तीन विजेतेपदे एकाच वेळी एकाच माणसाकडे होती. हे सगळे दहा महिन्यांच्या आत. वय तेच, शरीर जवळपास तेच, बदलला तो फक्त समोरच्याचा गट.

फिलिपिन्सच्या मॅनी पॅकियाओची कीर्ती याहून मोठी आहे. आठ गटांत विजेतेपदे मिळवणारा तो एकमेव. पण प्रयोग म्हणून त्याचे उदाहरण तितके कामाचे नाही. १९९५ मध्ये पहिली व्यावसायिक लढत खेळला तेव्हा तो सोळा वर्षांचा, १०६ पौंडांचा पोर होता. १९९८ मध्ये फ्लायवेटचा विजेता आणि २०१० मध्ये १५४ पौंडांच्या गटाचा. मधल्या पंधरा वर्षांत त्याचे शरीर वाढले, अनुभव वाढला, प्रशिक्षण बदलले. वजनाचा परिणाम यातून वेगळा कसा काढणार?

रॉबिन्सननेही एक पूल फार लांबचा निवडला होता. जून १९५२ मध्ये न्यूयॉर्कच्या यँकी स्टेडियममध्ये तो लाइट हेवीवेटच्या जोई मॅक्सिमशी लढला. मॅक्सिम त्याच्यापेक्षा सुमारे पंधरा पौंडांनी जड. रात्र भयंकर उकाड्याची. दहाव्या फेरीनंतर पंचालाच भोवळ आल्यासारखे झाले आणि दुसरा पंच आणावा लागला. रॉबिन्सन गुणांवर पुढे होता, पण तेराव्या फेरीनंतर तो स्टुलावरून उठू शकला नाही. सुमारे दोनशे लढतींच्या कारकिर्दीत तो लढत अर्धवट सोडून हरला तो या एकाच वेळी. तेरा फेऱ्या जड माणसाला ढकलत, त्याचे ओझे अंगावर झेलत काढायच्या म्हणजे वजनाचा तोटा फेरीगणिक साठत जातो. आपल्या समीकरणात आपण वजनासाठी एकच ठरावीक आकडा धरला होता. खऱ्या लढतीत तो पहिल्या फेरीत एक आणि तेराव्यात दुसराच असतो.

शिवाय या पुलांवरून कोण जाते हेही पाहायला हवे. आपल्या गटात कोणी तोडीचा उरला नाही म्हणून जो वर जातो, तोच आपल्या नोंदीत येतो. अलेक्झांडर उसिक क्रूझरवेटची सगळी विजेतेपदे २०१८ मध्ये जिंकून हेवीवेटमध्ये गेला आणि डिसेंबर २०२४ मध्ये त्याने टायसन फ्युरीला दुसऱ्यांदा हरवले. फ्युरी त्या दिवशी त्याच्यापेक्षा ५५ पौंडांनी, म्हणजे सुमारे २५ किलोंनी जड होता. टेरेन्स क्रॉफर्ड सप्टेंबर २०२५ मध्ये दोन गट वर चढून कानेलो अल्वारेझला हरवून आला. अशी उदाहरणे वाचली की वजनाने फारसा फरक पडत नाही असे वाटू लागते. पण हे निवडक लोक आहेत. मध्यम दर्जाचा वेल्टरवेट मिडलवेटमध्ये जाऊन मार खातो, त्याची बातमी होत नाही. पुलाचे मोजमाप केवळ तरलेल्यांवरून केले तर वजनाचा परिणाम आहे त्यापेक्षा कमी दिसणारच.

आणि काट्यावरचे वजन तरी खरे कुठे असते? व्यावसायिक लढतीत वजन आदल्या दिवशी करतात. घाम गाळून उतरवलेले वजन रात्रीत पाणी-जेवणाने परत येते, आणि रिंगणात उतरतो तो कागदावरच्या माणसापेक्षा काही किलोंनी जड माणूस. कुस्तीत वजन त्याच सकाळी होते. त्यात काय घडू शकते ते पॅरिसमध्ये २०२४ साली विनेश फोगाटच्या शंभर ग्रॅमच्या बाबतीत आपण पाहिलेच.

मेरी कोमचे तीन किलो

आपल्या देशात याचे जे उत्तम उदाहरण आहे त्याच्याकडे या दृष्टीने फारसे कोणी पाहिलेले नाही. मेरी कोम सहा वेळा जगज्जेती झाली: २००२ मध्ये ४५ किलो गटात, २००५, २००६ आणि २००८ मध्ये ४६ किलो गटात, २०१० आणि २०१८ मध्ये ४८ किलो गटात. महिलांचे मुष्टियुद्ध ऑलिंपिकमध्ये प्रथम आले ते २०१२ मध्ये लंडनला, आणि तिथे गट होते तीनच: ५१, ६० आणि ७५ किलो. ४८ किलोंच्या जगज्जेतीला ५१ मध्ये उतरावे लागले. उपान्त्य फेरीत ती इंग्लंडच्या निकोला अ‍ॅडम्सकडून हरली आणि कांस्यपदक मिळाले.

२०१० मध्ये ४८ किलोंत सुवर्ण, २०१२ मध्ये ५१ किलोंत कांस्य. वयाचा परिणाम म्हणावा, तर २०१८ मध्ये, पस्तिशी ओलांडल्यावर, ४८ किलोंत पुन्हा जगज्जेतेपदाचे सुवर्ण. आणि लगेच २०१९ च्या जागतिक स्पर्धेत ५१ किलोंत कांस्य. गट वर गेला की पदक खाली, गट खाली आला की पदक वर. वय या क्रमाने पुढे-मागे होत नाही, म्हणून ते कारण बाद. तेव्हा हा तीन किलोंचा, म्हणजे सव्वासहा टक्क्यांचा परिणाम, असे म्हणण्याचा मोह होतो. २०१४ च्या आशियाई स्पर्धेत तिने ५१ किलोंतही सुवर्ण मिळवले होते, हे या मोहाला थोडा आवर घालते.

पण आणखी एक कारण संभवते. ऑलिंपिकमध्ये ४८ किलो गटच नव्हता. मग ज्यांना ऑलिंपिकची आस, त्या सगळ्या जणी ५१ कडे वळणार आणि ४८ मधली गर्दी पातळ होणार. म्हणजे मेरी कोमला वर जाताना जड प्रतिस्पर्धी भेटल्या आणि जास्त तयारीच्या प्रतिस्पर्धीही भेटल्या. निकालात दोन्ही गोष्टी एकाच वेळी बदलल्या. यांतला कोणता वाटा किती, हे तिच्या निकालांवरून सुटे करता येत नाही. ऑलिंपिकमध्ये कोणते गट ठेवायचे हे ठरवणाऱ्यांनी नकळत कौशल्याची वाटणीही ठरवली. (पॅरिसला २०२४ मध्ये महिलांचे सहा गट होते आणि सर्वांत खालचा ५० किलोंचा.)

गर्दीचा परिणाम केवढा असतो याचा अंदाज संख्याशास्त्रातून येतो. समजा, कौशल्य लोकांमध्ये उंचीसारखे, घंटेच्या आकाराच्या वक्राने पसरलेले आहे. शंभर माणसांच्या गटातला सर्वोत्तम माणूस सरासरीपेक्षा साधारण अडीच प्रमाण विचलनांनी वर असतो; हजारांच्या गटातला सव्वातीन विचलनांनी. दोघेही आपापल्या गटात पहिलेच, पण मधे पाऊण प्रमाण विचलनाचे अंतर. फ्लायवेटच्या आसपासचे जगज्जेते जपान, थायलंड, फिलिपिन्स, मेक्सिको इथून मोठ्या संख्येने येतात याचे एक कारण त्या बांध्याची, आणि मुष्टियुद्धाची आवड असलेली माणसे तिथे पुष्कळ आहेत हे आहे. कोणत्या गटात किती जण खरोखर हातमोजे चढवतात हे कळल्याखेरीज 'आपल्या गटात पहिला' या पदवीची किंमत ठरत नाही.

परीक्षांत हीच अडचण आहे. जेईई मेन आणि राज्याची सीईटी अनेक सत्रांत होते, प्रश्नपत्रिका वेगळ्या असतात, म्हणून गुणांऐवजी त्या त्या सत्रातला पर्सेंटाइल धरतात. त्यामागे गृहीत असे आहे की विद्यार्थी सत्रांत चिठ्ठ्या टाकल्यासारखे वाटले गेले आहेत, म्हणून एका सत्राची गर्दी दुसऱ्या सत्रासारखीच. हे गृहीत तिथे बऱ्यापैकी टिकते. पण दोन वेगळ्या मंडळांतल्या किंवा दोन शाळांतल्या मुलांची पर्सेंटाइलने तुलना करताना ते टिकत नाही. तिथे कोण कुठे जाईल हे चिठ्ठीने ठरलेले नसते. मुष्टियोद्ध्याला त्याचा वजनगट त्याचे शरीर देते, तसाच प्रकार.

हे सारे मुलांना करून दाखवायचे असेल तर कॅरम पुरे. 'अ' आणि 'ब' तुकडीतली आठ-आठ मुले घ्यावीत. प्रत्येक तुकडीत सगळ्यांचे सगळ्यांशी सामने लावले तर २८ होतात. त्यावरून दोन स्वतंत्र गुणांकने काढावीत. मग केवळ दोन्हीकडच्या पहिल्या मुलांचा एक सामना घेऊन दोन तुकड्या जोडाव्यात, आणि त्यानंतर दोन्हीकडचा एक वरचा, एक मधला आणि एक खालचा अशा तिघांचे एकमेकांशी नऊ सामने घेऊन पुन्हा जोडाव्यात. दोन वेळच्या उत्तरांत किती फरक पडतो ते मुलांनीच मांडावे. पुढच्या टप्प्यात 'अ' तुकडीच्या मुलांनी डाव्या हाताने खेळायचे. हे झाले वजनाचे ओझे. डाव्या हाताची किंमत किती गुण, हे काढायचे तर काही सामने उजव्या हाताने आणि काही डाव्या हाताने, त्याच जोड्यांत, घ्यावे लागतील हे त्यांच्या आपोआप लक्षात येते. सगळे सामने दोन आठवड्यांत उरकावेत आणि वहीत तारीख घालावी. कॅरम मुले फार लवकर शिकतात, आणि जुलैतला मधला मुलगा सप्टेंबरात मधला राहत नाही.